थ्रीडी प्रिंट केलेल्या धातूच्या भागांना तडे: टेन्साइल (एकदाच ओढून तोडायची चाचणी) पास, फटीगमध्ये (ताण पुन्हा पुन्हा देण्यात) नापास. असं का?

चिंचवडकर:

नमस्कार मंडळी. इथे धातुशास्त्रातली आणि शॉपफ्लोअरवरची बरीच मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय.

आम्ही सर्व्हे ड्रोनच्या कॅमेऱ्यासाठी एक ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट प्रिंट करून घेतला. पावडरचा थर पसरायचा, लेझरने वितळवायचा, वर पुढचा थर, ही नेहमीची पद्धत. थर ३० मायक्रॉनचा, मटेरियल एएलएसआय१०एमजी, म्हणजे सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम. पुरवठादाराचं नाव लिहीत नाही, तो या चर्चेचा विषय नाही. सोबतच्या सर्टिफिकेटवर घनता ९९.८ टक्के आणि टेन्साइल ४३० मेगापास्कलच्या वर. हाच मिश्रधातू डायकास्ट केला (साच्यात दाबाने ओतला) असता तर ३०० च्या आसपास मिळाले असते, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

शेकर टेबलवर (भाग सतत हलवून तपासायचं यंत्र) लावल्यावर तो ठरलेल्या वेळेच्या निम्मा वेळही टिकला नाही. माउंटिंगच्या कानाजवळच्या फिलेटला (कोपऱ्यातल्या गोलाईला) तडा गेला. आमच्या एफईए (संगणकावरचा ताणाचा हिशोब) प्रमाणे तिथला सर्वाधिक ताण ७० मेगापास्कल, म्हणजे यील्डच्या (धातू कायमचा वाकायला लागतो त्या ताणाच्या) एक तृतीयांशही नाही.

तुकडा पूर्ण उघडून भिंगाखाली पाहिला. बराचसा भाग करडा आणि एकसारखा आहे. पण ज्या बाजूचे सपोर्ट (प्रिंट करताना खालून दिलेले टेकू) तोडून काढले होते त्या कडेला, पृष्ठभागाला चिकटूनच, एक काळसर सपाट चट्टा आहे आणि त्यात बारीक चकचकीत गोळ्या बसलेल्या दिसतात. भेगेच्या रेषा तिथूनच पसरल्यासारख्या वाटतात.

दोष मटेरियलचा, प्रिंटिंगचा की डिझाइनचा? आणि पुढची बॅच स्वीकारताना नक्की काय मागायचं?

ओतारी_शिरोली:

दादा, आमची फौंड्री आहे, त्यामुळे पहिल्यांदा आमच्या चष्म्यातून सांगतो. वितळलेला धातू थिजला की त्यात भोकं राहणार. आम्ही त्याला ब्लोहोल म्हणतो, श्रिंकेज म्हणतो, तुम्ही पोरॉसिटी म्हणा. विमानाच्या कास्टिंगला डिझाइनवाले कास्टिंग फॅक्टर (ताकदीच्या आकड्याला भागायचा सुरक्षेचा आकडा) लावतात आणि तपासणी जितकी कडक तितका फॅक्टर कमी घेतात. प्रिंटिंगलाही तसाच फॅक्टर लावा, एक्स-रे काढा आणि पुढं चला की. मशीन नवं असलं तरी धातू तोच हाय.

मृण्मयी_ज:

फ्रॅक्चर झालेले भाग तपासणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिंचवडकर, त्या चकचकीत गोळ्या म्हणजे न वितळलेली पावडर. लेझरची पावडर साधारण १५ ते ४५ मायक्रॉनची असते आणि गोळ्यांचा आकार त्याच्याशी जुळेल. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) बघून घ्या, पण तुमच्या वर्णनावरून हा लॅक ऑफ फ्युजनचा दोष आहे: दोन थर किंवा शेजारच्या दोन लेझर-रेषा एकमेकींत नीट मिसळल्याच नाहीत. प्रिंटिंगमध्ये आणखी दोन प्रकारची भोकं भेटतात. लेझरची ऊर्जा फार झाली की वितळलेल्या धातूत खोल खड्डा पडतो, तो मिटताना तळाशी वायूचा बुडबुडा अडकतो, ते कीहोल. आणि पावडरमधूनच आलेल्या वायूची बारीक गोल छिद्रं. गोल छिद्रं त्यातल्या त्यात बरी. लॅक ऑफ फ्युजन मात्र चपटं, धारदार कडांचं असतं आणि थरांच्या प्रतलात आडवं पसरतं. बांधणीच्या दिशेने (थरावर थर चढतात त्या दिशेने) ताण आला की हे चपटं भोक बरोबर ताणाला लंब उभं राहतं, म्हणजे आयतीच भेग. उभा प्रिंट केलेला नमुना आडव्यापेक्षा फटीगमध्ये बहुधा कमजोर निघतो त्याचं हे मोठं कारण आहे.

ओतारीदादा, तुमच्याशी माझा मतभेद इथेच आहे. कास्टिंगचा ब्लोहोल कुठे येईल हे राइजर आणि गेटिंग (साच्यात धातू ओतायचे आणि पुरवायचे मार्ग) बघून तुम्ही अंदाजाने सांगू शकता. इथे प्रत्येक थर, प्रत्येक रेषा ही स्वतंत्र छोटी ओतणी आहे आणि दोषाला ठरलेली दिशा आहे. शिवाय कास्टिंग फॅक्टर मुख्यतः स्थिर ताकदीतल्या चढउतारासाठी आहे. टेन्साइलच्या आकड्याला १.५ ने भागलं म्हणजे फटीगचं उत्तर मिळालं असं होत नाही.

आता ते ९९.८ टक्के. तुमचा ब्रॅकेट ५० घन सेंटिमीटरचा धरू. ०.२ टक्के म्हणजे १०० घन मिलिमीटर पोकळी. ती ५० मायक्रॉन व्यासाच्या छिद्रांत वाटली तर सुमारे १५ लाख छिद्रं होतात. टेन्साइल चाचणीत धातू ताणला जातो, छिद्रांच्या आजूबाजूला थोडा वाहतो आणि सगळ्यांची सरासरी समोर येते. फटीगमध्ये सरासरीला काही किंमत नाही. त्या १५ लाखांतलं जे सगळ्यात मोठं, सगळ्यात वाईट जागी बसलेलं असेल, ते एकटं पुरतं. सर्टिफिकेटवरची घनता त्याबद्दल काहीच सांगत नाही.

किती फरक पडतो याचा अंदाज देते. जपानच्या मुराकामी आणि एन्दो यांनी १९८० च्या दशकात पोलादासाठी एक सोपं सूत्र मांडलं. ताणाला लंब प्रतलावर दोषाची सावली घ्यायची, तिच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढायचं आणि सोबत व्हिकर्स कडकपणा, बस. ४०० व्हिकर्सचं निर्दोष पोलाद साधारण ६४० मेगापास्कलपर्यंत टिकावं. पृष्ठभागावर १०० मायक्रॉनचा दोष ठेवला की सूत्र देतं ३४५. दोष ४०० मायक्रॉनचा केला तर २७४, आणि २५ मायक्रॉनचा केला तरी ४३५ च. दोष चौपट लहान करून हातात येतात ९० मेगापास्कल, म्हणून निव्वळ भोकं लहान करत बसून भागत नाही. हे आकडे तुमच्या ॲल्युमिनियमला जसेच्या तसे लावू नका, सूत्र पोलादाचं आहे. पण तुमचे ७० मेगापास्कल मला आश्चर्याचे वाटत नाहीत. भाग ज्या प्लेटवर बांधतात तिच्यावरून काढल्यावर जसा आहे तसा खडबडीत पृष्ठभाग ठेवला तर या मिश्रधातूची कोटीभर फेऱ्यांची (ताण येण्या-जाण्याच्या) ताकद १०० च्या खाली जाणं अगदी शक्य आहे. आणि ॲल्युमिनियमला पोलादासारखी स्पष्ट फटीग लिमिटही नसते, फेऱ्या वाढल्या की वक्र खाली सरकतच राहतो.

चिंचवडकर:

ताई, खूप आभार. १५ लाखांचा हिशोब वाचून सुन्न झालो. म्हणजे एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून सगळ्यात मोठं भोक शोधायचं आणि त्यावर भाग पास-नापास करायचा का?

मृण्मयी_ज:

सीटी कराच, पण त्याची मर्यादा आधी मोजा. ब्रॅकेट २०० मिलिमीटर रुंद आणि डिटेक्टर २००० पिक्सेलचा असेल तर चित्रातली एक चौकट ०.१ मिलिमीटरची झाली. दोष खात्रीने दिसायला निदान तीन चौकटी लागतात, म्हणजे ३०० मायक्रॉनच्या खालचं काही आहे की नाही हे स्कॅन सांगू शकत नाही. चपटं लॅक ऑफ फ्युजन तर जाडीला इतकं कमी असतं की त्याहून मोठं असूनही निसटतं. म्हणून सीटीच्या रिपोर्टवर "दोष आढळला नाही" असं असेल तर त्याच ओळीत चौकटीचा आकार लिहून मागायचा.

राइनकाठ:

मी जर्मनीत अशा मशीनवर काम करतो. मृण्मयीताईंनी आतल्या भोकांबद्दल लिहिलंय, मला पृष्ठभागाबद्दल लिहायचंय, कारण चिंचवडकरांचा तडा सपोर्टच्या बाजूने गेलाय.

भागाच्या खाली लोंबणाऱ्या बाजूला आम्ही डाउनस्किन म्हणतो. तिथे लेझर पडतो तेव्हा खाली घट्ट धातू नसतो, मोकळी पावडर असते. पावडर उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे वितळलेला धातू खाली झिरपतो, थेंब लटकतात, अर्धवट वितळलेले कण चिकटतात. उभ्या भिंतीचा खडबडीतपणा १० मायक्रॉनच्या आसपास असेल तर त्याच जॉबच्या डाउनस्किनला तो कितीतरी जास्त येतो. वर सपोर्ट तोडल्याचे ओरखडे. तुमचा फिलेट, म्हणजे ताण जिथे सर्वात जास्त, नेमका त्याच बाजूला आलाय. भाग प्लेटवर कसा ठेवायचा हे पुरवठादाराने सपोर्ट कमी लागावेत म्हणून ठरवलं असणार. ड्रॉइंगवर तुम्ही दिशा दिली नसेल तर त्याने त्याच्या सोयीने ठेवलं, यात गैर काही नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. लेझर आधी (किंवा नंतर) बाहेरची कडा फिरवतो, तिला कॉन्टूर म्हणतात, आणि आतला भाग समांतर रेषांनी भरतो. कडा आणि भरण जिथे भेटतात तिथे, पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांवर, छिद्रांचा एक पट्टा राहू शकतो. लोक काय करतात, खडबडीतपणा घालवायला ०.३ मिलिमीटर मशिनिंग करतात आणि तो पट्टाच उघडा पाडतात! पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत दिसतो आणि फटीगचा आकडा मात्र हवा तेवढा सुधारत नाही. मशिनिंग करायचं तर पट्टा ओलांडून जाईल इतका माल आधीच ठेवा.

तिसरं, पावडरचा ओलावा. ॲल्युमिनियमची पावडर दमट हवेतलं पाणी धरते, त्यातून हायड्रोजन येतो आणि गोल छिद्रं वाढतात. पुण्यात जून ते सप्टेंबर पावडर कशी ठेवतात, वाळवतात का, किती वेळा चाळून परत वापरतात, हे पुरवठादाराला जरूर विचारा.

ओतारी_शिरोली:

ओलाव्याचं बोललात ते बरोबर. पावसाळ्यात आमच्याकडं ॲल्युमिनियममधी गॅस पोरॉसिटी वाढतीच, डीगॅसिंग करूनच ओततो. मृण्मयीताई, दिशेचा मुद्दा पटला. फॅक्टरचं मागं घेतो.

पण एचआयपीचं (भाग तापवून चारी बाजूंनी वायूचा दाब देत्यात त्याचं) काय? आमच्या ओळखीतल्या एकानं टायटॅनियमचे भाग एचआयपी करून घेतले, म्हणाला भोकं गायब होत्यात.

मृण्मयी_ज:

टायटॅनियमसाठी एचआयपी खरोखर चांगलं काम करतं. भाग बंद भांड्यात ठेवून ९२० अंश सेल्सियसच्या आसपास तापवायचा आणि आरगॉनचा १०० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या हजारपट, दाब दोनेक तास द्यायचा. आतली छिद्रं दाबून मिटतात आणि त्यांच्या भिंती एकजीव होतात.

पण दोन अटी आहेत. पहिली, पृष्ठभागाला उघडणारं छिद्र मिटत नाही, कारण दाब देणारा वायू त्याच्या आतही शिरतो. चिंचवडकरांचा दोष पृष्ठभागाला चिकटून होता, म्हणजे एचआयपीने तो तसाच राहिला असता. दुसरी, छिद्रात आरगॉन अडकलेला असेल तर तो कुठे जात नाही, फक्त आवळला जातो. नंतर पुन्हा तापवलं तर ते छिद्र परत उघडू शकतं.

आणि या ॲल्युमिनियमला तर मी एचआयपी सुचवणारच नाही. प्रिंटिंगमध्ये धातू अतिशय वेगाने थिजतो म्हणून सिलिकॉनची बारीक जाळी तयार होते, तुमचे ४३० मेगापास्कल तिच्यामुळेच आहेत. ५०० अंशांच्या वर धरलं की ती जाळी मोडते, सिलिकॉनचे गोळे होतात आणि ताकद निम्म्यावर येते. मग टी६ (तापवून-थंड करून ताकद वाढवायची प्रक्रिया) करून थोडी परत मिळवायची, त्या तापवण्यात हायड्रोजनची छिद्रं पुन्हा फुगण्याचा धोका. तुमच्या भागासाठी सपोर्टची बाजू बदलणं, फिलेटची त्रिज्या वाढवणं, तिथे पुरेसा माल ठेवून मशिनिंग करणं आणि वर शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा), एवढ्याने जास्त फायदा होईल.

अस्थिरोगी:

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, धागा वाचून काळजी वाटली म्हणून विचारतो. आम्ही खुब्याच्या सांध्यात प्रिंटेड टायटॅनियमचे कप बसवतो. त्यांची बाहेरची जाळीदार बाजू म्हणजे तुमच्या भाषेत मुद्दाम केलेली भोकंच की. माणूस वर्षाला एका पायाने साधारण दहा लाख पावलं टाकतो. हे टिकतं कसं?

मृण्मयी_ज:

डॉक्टर, प्रश्न अगदी योग्य आहे. कपवर भार मुख्यतः दाबाचा असतो आणि मागे हाडाचा आधार असतो. दाबाखाली भेग उघडत नाही. जाळी हाड आत वाढावं म्हणून असते आणि तिच्या आत घट्ट धातूचं कवच असतं, भार ते पेलतं. मांडीच्या हाडात जाणाऱ्या स्टेमची गोष्ट वेगळी. तो प्रत्येक पावलाला वाकतो, आयएसओ ७२०६ मध्ये त्याच्यासाठी ५० लाख फेऱ्यांची चाचणी आहे. म्हणूनच तुमच्या हातात येणारा स्टेम बहुधा फोर्ज केलेला (दाबून-ठोकून घडवलेला) असतो आणि कप प्रिंटेड. भाग निवडतानाच फटीगचा विचार झालेला असतो.

गोदातीर:

ओझरला विमानांच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. तरुण मंडळींना एक जुनी गोष्ट माहीत असावी म्हणून लिहितो.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं डीसी-१० विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीला आदळलं. २९६ पैकी ११२ माणसं गेली. शेपटातल्या इंजिनाची पंख्याची टायटॅनियम डिस्क उडाली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक प्रणाली तोडल्या. डिस्क फोर्ज केलेली होती, उत्तम कंपनीची होती. मूळ कारण धातू वितळवतानाच राहिलेला नायट्रोजनयुक्त ठिसूळ डाग, हार्ड अल्फा म्हणतात त्याला. तिथून भेग निघाली, सतरा-अठरा वर्षं वाढत राहिली आणि मधल्या तपासणीत ती पकडली गेली नाही.

त्यानंतर टायटॅनियम वितळवण्याच्या पद्धती कडक झाल्या आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विचार बदलला. दोष असणारच असं धरायचं. तो किती मोठा असू शकतो, डिस्कच्या कुठल्या भागात असला तर किती फेऱ्यांत घात करील, याची संभाव्यता भागाचे झोन पाडून काढायची. २००१ साली अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेने इंजिनांच्या फिरत्या डिस्कसाठी तशी मार्गदर्शिकाच काढली. प्रिंटेड भागांच्या प्रमाणपत्रांत आज झोनची भाषा ऐकतो तेव्हा मला हीच आठवते. चिंचवडकर, तुमच्या ब्रॅकेटचेही झोन पाडा. फिलेट आणि कान यांना एक नियम, बाकी अंगाला दुसरा.

सह्यकडा:

मग इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन प्रिंट केलं त्याचं काय? ९ मे २०२४ ला महेंद्रगिरीला ६६५ सेकंद चालवलं. १४ भागांचा एक भाग झाला, वेल्डिंगचे १९ जोड गेले, फोर्जिंग आणि पत्रा मिळून ५६५ किलो लागायचा तिथे १३.७ किलो पावडर लागली. इतका धोका असता तर केलं असतं का?

राइनकाठ:

केलं ते विचार करूनच. वेल्डचे १९ जोड जाणं हाच मोठा फायदा आहे, कारण भेगांना वेल्ड ही आवडती जागा. आणि फेऱ्यांचा हिशोब वेगळा आहे. असं इंजिन काही मिनिटं जळतं, त्यात मोठे ताण थोड्या वेळा येतात. तिथे धातूची न तुटता ताणलं जाण्याची क्षमता आणि उष्णतेचे ताण महत्त्वाचे. चिंचवडकरांचा ब्रॅकेट सेकंदाला शंभरेक वेळा हलतो, तासाभरात साडेतीन लाखांच्या वर फेऱ्या. छोट्या ताणाच्या अशा अगणित फेऱ्यांतच बारीक भोक आणि खडबडीत कातडी घात करते. दोन्ही प्रिंटेड असले तरी परीक्षा वेगळ्या.

आणखी एक भर घालतो, कारण शीर्षकात तडे आहेत. काही मिश्रधातूंना वापरण्याआधी, प्रिंट होता होताच तडे जातात. विमानांत वापरतात तो ७०७५ ॲल्युमिनियम थिजताना फाटतो, शेवटचा द्रव कणांमधून पुरेसा पोचत नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या एचआरएल प्रयोगशाळेच्या चमूने पावडरवर झिर्कोनियमचे नॅनोकण चढवले. त्यांच्यामुळे थिजताना बारीक, सगळीकडून सारखे कण तयार झाले आणि तडे थांबले. सिलिकॉनवाला मिश्रधातू प्रिंटिंगमध्ये इतका लोकप्रिय आहे तो अशा वेळी न फाटण्यामुळेच.

टायटॅनियमची अडचण वेगळी, त्यात आतले ताण फार साठतात. प्लेटवरून कापण्याआधी स्ट्रेस रिलीफ (तापवून आतले ताण उतरवणं) केलं नाही तर भाग वाकतो किंवा सपोर्टच्या मुळाशी चिरतो. इलेक्ट्रॉन बीमच्या मशीनमध्ये पावडरच ७०० अंशांच्या आसपास तापवून ठेवतात, तिथे हा त्रास कमी.

मृण्मयी_ज:

टायटॅनियमचा विषय निघालाच आहे तर फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं शेनयांगच्या चिनी संशोधकांचं काम सांगायलाच हवं. एचआयपीने छिद्रं मिटतात पण धातूची बारीक रचना जाडसर होते, हे दुखणं जुनं. त्यांनी एचआयपीनंतर फार थोडा वेळ उच्च तापमान देऊन प्रिंटिंगची मूळ बारीक रचना परत आणली, तीही छिद्रं परत न उघडता. ओढ-ओढ प्रकारच्या (फक्त ओढायचं, दाबायचं नाही) चाचणीत फटीगची ताकद ४७५ वरून ९७८ मेगापास्कल झाली. मला हे वाचून मनापासून आनंद झाला. प्रिंटिंगने मिळणारी रचना मुळात फटीगला वाईट नाही, तिला भोकं खाली ओढतात, हे त्यांनी करून दाखवलं. फक्त ते नमुने प्रयोगशाळेतले होते, पृष्ठभाग तयार केलेले होते. खडबडीत कातडीच्या ब्रॅकेटला तो आकडा लावू नये.

चिंचवडकर:

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. पुढच्या ऑर्डरमध्ये असं लिहावं म्हणतो: भाग प्लेटवर कुठल्या दिशेने ठेवायचा ते ड्रॉइंगवर येईल, फिलेट वरच्या बाजूला. फिलेटची त्रिज्या दुप्पट आणि तिथे मशिनिंगसाठी १ मिलिमीटर माल. कापण्याआधी स्ट्रेस रिलीफ. पावडरचा इतिहास आणि ओलावा लेखी. आणि त्याच प्लेटवर चाचणीचे दांडे, टेन्साइलसोबत फटीगचेही. काही राहिलं का?

मृण्मयी_ज:

दांड्यांबद्दल एक. पुरवठादार ते सहसा प्लेटच्या मधोमध उभे करतो आणि लेथवर गुळगुळीत करून देतो. प्लेटच्या कडांना लेझर तिरका पडतो आणि धूर वाहून नेणारा वायूचा झोतही सगळीकडे सारखा नसतो, म्हणून काही दांडे कोपऱ्यांत हवेत, विशेषतः वायू बाहेर जातो त्या बाजूला. अर्धे मशिनिंग केलेले घ्या आणि अर्धे मुद्दाम तिरके बांधून डाउनस्किन तशीच ठेवलेले. ब्रॅकेटचा जो भाग मशिनिंगविना राहणार आहे त्याला दुसऱ्या गटाचा आकडा लावा. प्रत्येक तुटलेल्या दांड्याची दोन्ही तोंडं एकमेकांवर न घासता वेगवेगळ्या पिशवीत ठेवा, सिलिका जेलसकट.

चिंचवडकर:

तुटलेल्या ब्रॅकेटचे दोन्ही अर्धे एकाच डब्यात आहेत, ते आत्ता वेगळे करतो. एसईएमचे फोटो आले की इथेच टाकीन.